‘उपचार थांबवले’ म्हणजे नेमके काय थांबवले?

यकृताचा आजार शेवटच्या टप्प्यावर गेला की एक वाद हटकून सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी उभे राहून घातला जातो. एक बाजू म्हणते, प्रत्यारोपणाची आशा आहे तोवर पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपशामक सेवेचे, नावही काढू नका. रुग्णाने हाय खाल्ली तर जबाबदार कोण? दुसरी म्हणते, सुया, नळ्या, आयसीयू पुष्कळ झाले. आता उपचार थांबवा आणि माणसाला शांतपणे जाऊ द्या. दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलतात. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चाललेली असते: उपचार संपतात तिथून उपशामक सेवा सुरू होते. कर्करोगात अशी रेघ निदान कल्पनेत तरी ओढता येते. यकृताच्या आजारात ती ओढताच येत नाही, कारण इथे त्रास कमी करणारे औषध आणि आजारावरचे औषध बऱ्याचदा एकच असते. म्हणून ही सेवा द्यायची की नाही, यावर शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. ती कोणत्या दर्जाची आहे, कधी सुरू झाली आणि तिने पोटाचा, मेंदूचा, त्वचेचा, झोपेचा त्रास प्रत्यक्षात किती उतरवला, हे विचारायला हवे.

लॅक्टुलोजच घ्या. आतड्यात तयार होणारा अमोनिया थकलेल्या यकृताला आवरत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस भ्रमात जातो. हे गोड, चिकट सिरप तो अमोनिया शौचावाटे बाहेर काढायला मदत करते. त्याची मात्रा बाटलीवर लिहिलेली नसते. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतके ते कमीजास्त करायचे असते. ‘आता काही उपयोग नाही, सगळी औषधे बंद’ असे ठरले की हे सिरपही त्या यादीत जाते. पुढे काय होते? दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होतो. माणूस मध्यरात्री उठून बसतो, अंगावरचे कपडे ओढतो, समोरच्या मुलीला ओळखत नाही, ओरडतो, आणि मग गुंगीत जातो. शांतपणे जाऊ द्यावे म्हणून ज्यांनी निर्णय घेतला, त्यांच्याच डोळ्यांदेखत ही तगमग घडते. उलट टोकाची चूकही तितकीच खरी आहे. गिळणे थांबलेल्या, अखेरच्या दिवसात असलेल्या माणसाला नाकातून नळी घालून लॅक्टुलोज देत राहायचे आणि दर दोन तासांनी त्याचे अंग पुसून कपडे बदलायचे, यातून त्याला काय मिळते? औषध तेच, एका आठवड्यात ते आधार असते आणि दुसऱ्या आठवड्यात ओझे. निर्णय औषधाच्या नावावर घेता येत नाही तो यासाठी.

पोटातल्या पाण्याच्या बाबतीत तर हे आणखी उघड दिसते. काहींच्या पोटात दहा लिटरहून जास्त पाणी साठते. त्वचा ताणून चकाकते, बेंबी बाहेर येते, दोन घासांत पोट भरते, आडवे झाले की श्वास कोंडतो म्हणून माणूस खुर्चीत बसून रात्र काढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे साधारणपणे स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅमला फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम या प्रमाणात, काही काळ काम करतात. मग रक्तातले सोडियम घसरू लागते किंवा क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावल्याची खूण) चढू लागते आणि त्या बंद कराव्या लागतात. त्यानंतर बहुतेकांसाठी सुईने पाणी काढणे हाच मार्ग उरतो. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून दोन बोटे वर आणि दोन बोटे आत सुई घालतात. काही तासांत आठ लिटर निघतात आणि माणूस पहिल्यांदा पाठीवर आडवा होऊन झोपतो. पाच लिटरपेक्षा जास्त काढले तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) शिरेतून द्यावे लागते; आठ लिटरला वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या साधारण तीन बाटल्या. ते टाळले तर रक्ताभिसरण ढासळते, मूत्रपिंडे बंद पडू लागतात आणि पाणी आणखी लवकर भरते. हे सगळे उपचारात मोडते की उपशामक सेवेत? त्या खुर्चीतल्या माणसाला या वर्गीकरणाशी काहीही देणेघेणे नाही.

दर्जा कुठे घसरतो तेही इथेच पाहता येते. पाणी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरणार हे सर्वांना ठाऊक असते. तरीही पुढची तारीख दिली जात नाही. श्वास लागला की यायचे, असे तोंडी सांगितले जाते. मग रात्री तातडीच्या विभागात यायचे, तिथल्या नव्या डॉक्टरला सगळा इतिहास पहिल्यापासून सांगायचा, रक्त गोठण्याच्या तपासण्यांची वाट बघायची, प्लाझ्मा मिळेपर्यंत सुई थांबवायची. वास्तविक या प्रक्रियेआधी सरसकट प्लाझ्मा किंवा प्लेटलेट द्यायची गरज नसते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रण पडून कडक झाल्यावर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) वाढलेला असला तरी यातून मोठा रक्तस्राव होणे विरळा. अर्ध्या दिवसाच्या कामासाठी माणूस तीन दिवस अडकतो. ज्याच्या हातात मोजके महिने आहेत, त्याच्यासाठी हे तीन दिवस फार मोठे आहेत. पोट तडस होण्याच्या आधीची तारीख, दिवसापुरती खाट, तयार ठेवलेले अल्ब्युमिन आणि काढलेल्या पाण्याची पेशीमोजणी (पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल दर घन मिलिमीटरला २५० च्या वर गेल्या तर पाण्यात जंतुसंसर्ग झाला आहे असे धरायचे): एवढी व्यवस्था लावणारा विभाग कुठलीही पाटी न लावता उत्तम उपशामक सेवा देत असतो. प्रत्यारोपण होणार नाही हे निश्चित झालेल्यांसाठी त्वचेखालून बसवलेल्या कायमच्या नळीचाही विचार करता येतो. तिच्यातून घरीच एका वेळी एक-दोन लिटर, आठवड्यातून दोन-तीनदा काढतात. कर्करोगाच्या जलोदरात ती सर्रास वापरली जाते. सिरॉसिसमध्ये जंतुसंसर्गाची भीती असते आणि ती भीती रास्त आहे. पण सहा महिन्यांनी होऊ शकणाऱ्या संसर्गाचे वजन चार महिने जगणाऱ्या माणसासाठी किती धरायचे, हे त्याला विचारल्याशिवाय कसे ठरवणार?

या गोंधळाचे मूळ इतिहासात आहे. आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, कर्करोगाभोवती घडले. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले, ठरलेल्या वेळी तोंडाने मॉर्फिन देण्याची पद्धत रुजवली, आणि दुखणे फक्त शरीराचे नसते हे वैद्यकाला ऐकायला लावले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात ही सेवा बरे करणाऱ्या उपचारांना दाद न देणाऱ्या आजारासाठी होती. २००२ मध्ये संघटनेनेच ती बदलली: जीवघेण्या आजारात, लवकर, आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांच्या जोडीने. कागदावर रेघ पुसून दोन दशके उलटली. यकृताच्या वॉर्डात ती अजून तशीच आहे, आणि आपले वाद १९९० च्या व्याख्येवर चालले आहेत.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा की यकृताच्या आजाराची वाट सरळ उताराची नसते. दारू पूर्ण सुटली, हिपॅटायटिस बी औषधाने दबला किंवा सी निघून गेला, तर पोटात पाणी झालेले काही रुग्णही पुन्हा सावरतात. प्रत्यारोपण झाले तर माणूस पुढे वर्षानुवर्षे जगतो. मग मरणाची भाषा आताच का? मुद्दा खरा आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. गुंतागुंत नसलेल्या सिरॉसिसमध्ये सरासरी आयुर्मान बारा वर्षांच्या पुढे असते. पाणी, भ्रम किंवा रक्ताची उलटी सुरू झाली की ते दोन वर्षांच्या आसपास येते, आणि त्या दोन वर्षांत कोणता आठवडा शेवटचा हे कोणालाच सांगता येत नाही. जिथे अंदाज लागत नाही, तिथे शेवटची वेळ ओळखून मग सेवा सुरू करू, ही योजनाच फसवी आहे. ती वेळ आयसीयूत, श्वासाची नळी घातल्यावर ओळखू येते.

एड्सचे उदाहरण आठवावे. लंडनच्या मिल्डमे रुग्णालयाने १९८८ मध्ये एड्सच्या रुग्णांसाठी हॉस्पिस उघडले, तेव्हा तिथे येणारे बहुतेक जण मरणार हे धरूनच चालले होते. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले आणि मरणपंथाला लागलेली माणसे उठून घरी जाऊ लागली. त्यांच्या वेदना, जुलाब, तोंडातले व्रण यांवर आधी घेतलेली काळजी वाया गेली असे कोणी म्हणेल काय? यकृताचा रुग्ण सावरला तर उपशामक सेवेतून बाहेर पडेल. त्यात कोणाचे काय बिघडले?

प्रतीक्षायादीवरच्या रुग्णाची गोष्ट तर अधिकच विचार करायला लावणारी आहे. यादीतले स्थान ठरवायला अनेक ठिकाणी मेल्ड (MELD) हा यकृताच्या आजाराची गंभीरता मोजणारा गुणांक वापरतात. तो मुळात वेगळ्या एका प्रक्रियेनंतर कोण दगावेल हे सांगण्यासाठी बांधला गेला आणि २००२ पासून अमेरिकेत अवयववाटपासाठी आला. त्याच्या मूळ सूत्रात बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रंगद्रव्य), आयएनआर आणि क्रिएटिनिन आहे. पोटातले पाणी नाही, भ्रम नाही, खाज नाही, पायातले गोळे नाहीत. त्यामुळे कमी गुणांकाचा रुग्ण आकड्यात ‘बरा’ दिसतो, यादीत मागे राहतो आणि दर पंधरा दिवसांनी पोट रिकामे करायला येतो. तीन महिन्यांत कोण मरेल याचे उत्तर देणाऱ्या मापाने कोण किती सोसतो आहे हे ठरवायचे, हा त्या मापाचा दोष नाही. ते भलत्याच कामाला लावले आहे. आणि यादीवर थांबलेल्या माणसाला खाज सुटते ती यादी संपल्यावर नव्हे, आज रात्री सुटते.

दुसरा आक्षेप औषधांचा. मॉर्फिनने हा रुग्ण गुंगीत जाईल, झोपेच्या गोळीने भ्रमात जाईल. हा धोका अगदी खरा आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णांवर हात बसलेल्या टीमने नेहमीची मात्रा तशीच इथे दिली तर अपघात होतो. मॉर्फिन यकृतातून हळू बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावली असतील तर त्याचे उरलेले अंश साठत जातात. कोडिनला आधी यकृताने मॉर्फिनमध्ये बदलावे लागते, म्हणून त्याचा परिणाम कधी शून्य, कधी फार. पण यावर दुखणे सोसायला लावणे हा उपाय कसा होईल? फेन्टॅनिल तुलनेने सुरक्षित आहे. कोणतेही ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचे वेदनाशामक) नेहमीच्या निम्म्या मात्रेत आणि दोन मात्रांमधले अंतर वाढवून सुरू करता येते, आणि त्याच दिवसापासून लॅक्टुलोज वाढवायचे, कारण बद्धकोष्ठता झाली की भ्रम आलाच. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, चालते. लोक नेमके यकृताला घाबरून पॅरासिटामॉल टाळतात आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतात. या रुग्णात तीच गोळी मूत्रपिंडे बंद पाडते, लघवीच्या गोळ्यांचा परिणाम घालवते आणि रक्तस्रावाला निमित्त होते. खाजेचेही तसेच. हाताशी असते म्हणून अॅलर्जीची गोळी दिली जाते. पित्त साचून येणाऱ्या खाजेवर तिचा उपयोग जवळजवळ नसतो, गुंगी मात्र वाढते. कोलेस्टिरामाइन चार ग्रॅमपासून, इतर औषधांपासून चार तासांचे अंतर ठेवून, किंवा सर्ट्रालिन, हे मार्ग माहीत असणारा माणूस टीममध्ये लागतो.

भीतीपोटी केलेली बंदी किती महागात पडते, याचा धडा या आजाराने एकदा दिलेला आहे. प्रथिनांतून अमोनिया बनतो, म्हणून १९५० च्या दशकापासून भ्रम झालेल्या रुग्णांची प्रथिने तोडण्याचा रिवाज पडला. तर्क बिनतोड वाटत होता. २००४ मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत प्रथिने तोडलेल्या आणि नेहमीइतकी दिलेल्या रुग्णांची तुलना झाली. प्रथिने तोडून भ्रमात काही फायदा झाला नाही, उलट शरीरातली प्रथिने अधिक मोडली. स्नायू अमोनिया शोषून घेतात; ते झिजले की भ्रम वाढतोच. आज सल्ला आहे तो दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांचा. वजन धरायचे ते पोटातले पाणी वजा करून. शिवाय झोपण्याआधी थोडे खायचे, कारण या रुग्णाचा एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका अंगावर येतो. तरीही प्रथिने बंद करण्याचा सल्ला आजही ऐकू येतो. मिठाचेही सांगायला हवे. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा योग्यच आहे, पण अखेरच्या काही आठवड्यांत अळणी अन्नाला माणूस तोंड लावत नसेल तर ती सैल करावी आणि पाणी थोडे लवकर काढावे.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहायला हवे. उपशामक सेवा लवकर सुरू करण्याचा सर्वांत गाजलेला पुरावा २०१० चा, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा आहे. लवकर सेवा मिळालेल्यांचे जगणे सुखाचे झाले, अखेरीस आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते सरासरी ८.९ ऐवजी ११.६ महिने जगले. यकृताच्या आजारात इतके ठसठशीत काही हाती नाही, आणि आयुष्य वाढेल असे आश्वासन कोणी देऊ नये. पण पोट हलके झाले तर श्वास मोकळा होतो, याला चाचणीची वाट पाहावी लागत नाही. त्या अभ्यासातला आजारही पुष्कळदा सिगारेटशी जोडला जाणारा होता. तुम्ही ओढत होता म्हणून मॉर्फिन नाही, असे त्या रुग्णांना कोणी म्हणाले नाही. दारूने यकृत गेलेल्याला मात्र असे उघड न म्हणता वागवले जाते: फोन उशिरा उचलला जातो, दुखण्यावर शंका घेतली जाते, नातेवाईकही मान खाली घालून उभे राहतात. यावर ‘सगळेच रुग्ण पिणारे नसतात’ हे उत्तर दिले जाते. ते खरे असले तरी तोकडे आहे, कारण त्यात पिणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे गृहीत आहे. ज्याने दारू प्यायली त्याचेही पोट तितकेच ताणते.

मग दर्जा मोजायचा कसा? रुग्णालये मोजायला सोपे ते मोजतात: पॅलिएटिव्ह विभागाकडे किती चिठ्ठ्या गेल्या, हृदय थांबल्यास पुनरुज्जीवन नको असल्याचे किती अर्ज भरले, किती जण घरी वारले. अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच वैद्यकीय दर्जा पाहायचे तीन पदर सांगितले होते: व्यवस्था काय आहे, प्रत्यक्ष केले काय, आणि रुग्णाचे झाले काय. मृत्यूच्या चार दिवस आधी गेलेली चिठ्ठी फार तर दुसऱ्या पदराची नोंद आहे. तिसऱ्याबद्दल ती अवाक्षर सांगत नाही. ‘घरी मृत्यू’ हा आकडाही जपून वाचावा. लॅक्टुलोज कसे वाढवायचे हे न शिकवता, रात्री कोणाला फोन करायचा हे न सांगता घरी धाडलेला भ्रमिष्ट रुग्ण घरी वारला, तर तो यशाच्या रकान्यात कसा धरायचा? त्यापेक्षा असे विचारावे: पाणी भरल्याची तक्रार आणि ते काढणे यांत किती तास गेले? शेवटच्या तीन महिन्यांत भ्रमाने किती वेळा भरती व्हावे लागले, आणि त्यातल्या किती भरत्या नुसत्या बद्धकोष्ठतेच्या होत्या? रात्री झोप लागली का? खाजवून कातडी सोलली गेली का? आणि सांभाळणाऱ्या माणसाला कोणी काही विचारले का?

हा शेवटचा प्रश्न दुर्लक्षित राहतो, तो इथे सर्वांत नडतो. शौचाच्या वेळा मोजणारी, तीनच्या वर गेल्या तर मात्रा कमी करणारी (जास्त झाले तर शरीरातले पाणी उतरून मूत्रपिंडांवर येते), दोन्ही हात पुढे करून मनगटे वर वळवायला सांगणारी आणि बोटे पाखराच्या पंखांसारखी फडफडतात का ते पाहणारी ती व्यक्ती घरातलीच असते. एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायला लावणे ही तिला शिकवता येईल अशी सोपी चाचणी आहे. दहासुद्धा आली नाहीत तर भ्रम जवळ आला असे समजावे. हे शिकवायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणाच्या कामात बसतो, हे बहुतेक विभागांत ठरलेलेच नाही.

भ्रमामुळेच बोलण्याची वेळही इथे वेगळी असते. कर्करोगाचा रुग्ण बहुधा शेवटच्या काही दिवसांपर्यंत स्वतःचे मत सांगू शकतो. यकृताच्या रुग्णाचे मन अधूनमधून हरवते आणि परत येते. ते परत आलेले असताना, भरतीतून घरी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, विचारायला हवे: पुन्हा मूत्रपिंडे बंद पडली आणि प्रत्यारोपण शक्य नसेल, तर डायलिसिस हवे का? तुमचे मन ठिकाणावर नसेल तेव्हा तुमच्या वतीने कोणी बोलायचे? ही विचारणा म्हणजे आशा काढून घेणे, असे समजणाऱ्यांनी उलट बाजूने पाहावे. न विचारल्यास हेच प्रश्न रात्री दोन वाजता, वॉर्डच्या दाराशी, रडणाऱ्या मुलाला विचारले जातात.

एक तयारी तर अशी आहे की तिच्याबद्दल बोलायला डॉक्टरही कचरतात. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची मोठी उलटी होणे, हा या आजाराचा एक शेवट आहे. ज्याने आता रुग्णालयात जायचे नाही असे ठरवले आहे, त्याच्या घरी गडद रंगाचे टॉवेल आणि चादरी हाताशी ठेवाव्यात. पांढऱ्यावर रक्त दिसते तेव्हा घाबरगुंडी उडते. माणसाला कुशीवर वळवावे. आधी लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे पाच ते दहा मिलिग्रॅम मिडाझोलाम (गुंगी आणणारे औषध) द्यायला परिचारिका किंवा तयार केलेला नातेवाईक असावा. एरवी याच रुग्णात कटाक्षाने टाळायचे ते औषध त्या दहा मिनिटांत योग्य असते. आणि औषध भरायला जाण्यासाठी त्याचा हात सोडावा लागणार असेल, तर हात सोडू नये; तेवढ्या वेळात बहुधा सगळे आटोपलेले असते.